बिडाची चाकं

आधीच सांगून टाकते. तेल शेंगदाण्याचं होतं, घाण्यावरचं होतं, आणि त्याच सकाळी मी त्यात पोह्यांची फोडणी केली होती. उज्जैनच्या आमच्या माधव नगरात सध्या जे चाललंय की कल्पनाबाईंनी सुनेच्या जीपला जळकं तेल चोपडलं, ते साफ खोटं आहे. चोपडलं हे खरं. पण जळकं नव्हतं. माणसाकडून चूक होते, पण चुकीतसुद्धा माल हलका वापरू नये, असं मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवताना मुलांना सांगत आले आहे, निदान त्या अर्थाचं काहीतरी.

तर जीप. ती माझी नाही, माझ्या सुनेची, ऋचाची. ऋचा बँकेत अधिकारी आहे. लग्नानंतर ती आमच्या घरी त्या जीपमधून आली आणि जीप तिनेच चालवली. बाकीच्या मुली पाठवणीच्या वेळी रडतात, ही गाडी रिव्हर्स घेत होती. डोळ्यांत पाणी होतं ते मागे बसलेल्या माझ्या मुलाच्या, सौरभच्या, कारण त्याला वळणांवर मळमळतं.

मी त्या जीपमध्ये एकदाच बसले आहे. ऋचाने मला गंभीर नावाच्या आमच्याकडच्या नदीच्या काठी नेलं आणि म्हणाली, "आई, घट्ट धरा." मग ती जीप एका दरडीवर चढायला लागली. समोरचा रस्ता दिसेनासा झाला. मग झाडं गेली. मग काचेत नुसतं आकाश राहिलं. मी त्रेसष्ट वर्षांची आहे, आणि ही सगळी वर्षं मी सपाट जमिनीवर काढली हे मला तिथे कळलं. घरी आल्यावर पोळ्या लाटता लाटता मी मधेच थांबून हसत होते, आणि सौरभ विचारत होता, तुझी तब्येत तर ठीक आहे ना.

आणि हीच जीप विकायची गोष्ट निघाली. त्याचं असं झालं, की गेल्या वर्षी त्याच नदीच्या पात्रात गाड्यांची स्पर्धा होती. चिखलात पकड मिळावी म्हणून हे लोक टायरमधली हवा अगदी कमी करतात. टायर चपटं होतं, पसरतं, आणि चिखल धरतं. पण हवाच टायरला रिमवर धरून ठेवते ना. ती गेली की टायरला कोण विचारतो. ऋचाचं टायर भर मैदानात रिमवरून उतरलं, जीप फसली, ट्रॅक्टरने ओढून काढली, लोक पोट धरून हसले आणि व्हिडिओ अख्ख्या उज्जैनभर फिरला. या वर्षी स्पर्धेला आठ दिवस राहिले तेव्हा ती जेवताना शांतपणे म्हणाली, "या वेळी पुन्हा टायर उतरलं तर मी जीप विकून टाकणार. तराणा गावचे एक जण मागतच आहेत." सौरभने दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. त्याला एवढी भूक लागलेली मी दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच बघितली. मी मात्र ताट बाजूला सारलं.

"यावर काही इलाज नाही का?" मी विचारलं.

"आहे ना, आई. बीडलॉक रिम."

बीड. मला लग्गेच समजलं. जिने चाळीस वर्षं बिडाच्या तव्यावर धिरडी काढली तिला बीड म्हणजे काय हे सांगायला नको. ओतीव लोखंड. पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, फक्त पाण्यापासून जपावं लागतं. म्हणजे बिडाचं कुलूप असलेली चाकं. टायरची काय बिशाद आहे उतरायची. मला या मुलीच्या अकलेचं फार कौतुक वाटलं.

आता अडचण अशी, की रिम मिळणार इंदूरला, स्वतः बघून घ्यायला हवेत, आणि ऋचाच्या बँकेत त्याच आठवड्यात ऑडिट लागलेलं. मी म्हटलं, "मी आणते."

"तुम्ही?"

"मी. सौरभ गाडी चालवेल, मी निवडेन."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे बघत असेल तसं. मग तिने एका कागदावर मापं लिहून दिली, किती इंची, किती भोकं, भोकांमधलं अंतर किती. लग्नानंतरच्या आठ महिन्यांत त्या मुलीने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता हा कागद. मी तो पोथीसारखा जपून पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे भय्यासाहेब कुंपणापाशी आले. भय्यासाहेब पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत. त्यांचे खापरपणजोबा शिंदे सरकारच्या पागेत होते, त्यामुळे घोडा, चाक आणि रस्ता या तीन विषयांत त्यांचा शब्द शेवटचा असतो, असं ते मानतात. मी बीडलॉकचं सांगितल्यावर त्यांनी डोळे मिटले, विचार केला आणि म्हणाले, "बीडला माझा भाचा आहे, अनिकेत. तिकडे कुलपं बनतात हे माहीत नव्हतं हं मला. अलिगढची ऐकली होती. थांबा, त्याला फोन लावतो."

मला इतकं हसू आलं की मी ओट्याशी जाऊन हसून घेतलं. बीड जिल्हा. एवढा शिकलेला माणूस, अख्खी नोकरी रस्ते बांधण्यात गेली, आणि बीड म्हणजे गाव समजतो. ही गोष्ट मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते. ज्यांना सांगितली ते सगळे आज मला रस्त्यात भेटतात आणि तोंडावर हात ठेवतात.

भय्यासाहेबांनी जाता जाता एक काडी टाकलीच. म्हणाले, "आरटीओची परमिशन घेतली का? नाहीतर जीप जप्त होईल." झालं. माझी झोप उडाली. मी आरटीओत गेले. खिडकीवरच्या बाबूने विचारलं, "क्या लगवाना है, मैडम?" मी म्हटलं, "बीडलॉक." त्याने लिहून घेतलं. समोरच्याचा कागद उलटा वाचण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, आयुष्य मुलांच्या बाकांसमोर गेलंय. त्याने लिहिलं होतं, बीड़ी लॉक. मी चूक दाखवली. तो म्हणाला, "तम्बाकू का काम यहाँ नहीं होता, माताजी." मी फळ्यावर समजावतात तसं समजावलं. तेवढ्यात मागच्या टेबलावरचे एक वयस्कर गृहस्थ चष्मा वर करून म्हणाले, "बीडलॉक है, भाई. सड़क पर नहीं चलेगा. ट्रॉली पर ले जाइए, मैदान में लगाइए, मैदान में ही उतारिए." मी विचारलं, हे लिहून मिळेल का. ते म्हणाले, "नियम है, लिखा ही हुआ है." इतकं सरळ उत्तर सरकारी टेबलावरून येऊ शकतं हे मला पहिल्यांदा कळलं. मी त्यांना नमस्कार करून आले.

मग इंदूर. त्या दुकानाबद्दल मी काय सांगू. तिन्ही भिंतींवर खालपासून छतापर्यंत चाकं टांगलेली. मी आजवर समजत होते की चाक गोल असतं आणि तिथे विषय संपतो. इथे पाकळ्यांची होती, जाळीची होती, सोनेरी होती, एक तर जांभळं होतं. मी दारातच उभी राहिले. सौरभ म्हणाला, आई, आत चल, लोक बघतात. मी म्हटलं, बघू दे, मी पण बघतेय.

दुकानदाराने कागद वाचला आणि चार चकाचक रिम काढून ठेवले. काठाने गोल बोल्टच बोल्ट. दिसायला काय सुंदर. पण तवा घेताना बाई करते ते मी केलं. बांगडीने वाजवून बघितलं. टिण्ण. पातेल्यासारखा आवाज. उचलून बघितलं, हलकं. मी एका बोल्टला नख लावलं, तर तो नुसताच शोभेचा, चिकटवलेला.

मी म्हटलं, "ये बीड का नहीं है. असली दिखाइए."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मग रिमकडे, मग खाली. "माताजी, तीन साल में आप पहली ग्राहक हैं जिसने ये पूछा. ये दिखाने के हैं. सब यही ले जाते हैं."

आणि आतून त्याने खरे आणवले. काळे, मंद, अंगावर काही नखरा नाही. एक उचलायला दोन माणसं लागली. त्याने एकाचे बोल्ट काढून दाखवले. बाहेरचं कडं अख्खं सुटून हातात आलं. टायरचा काठ या दोन कड्यांच्या मध्ये बसवायचा, वरून कडं ठेवायचं आणि चोवीस बोल्टांनी आवळायचं. मग हवा असो वा नसो. मी ते कडं दोन्ही हातांत धरून उभी होते. कोणा माणसाला हे सुचलं असेल, आणि सुचल्यावर त्याने बायकोला हाक मारून सांगितलं असेल का, हाच विचार माझ्या डोक्यात. बांगडीने वाजवलं तर भरीव आवाज आला. मी सौरभला म्हटलं, "हे बघ. हे बीड." दुकानदार म्हणाला, "स्टील है, माताजी." मी मनात म्हटलं, जाऊ दे, विकणाऱ्याला कुठे ठाऊक असतं तो काय विकतोय. येताना दोन रिम मागच्या सीटवर बसवले आणि त्यांना बेल्ट लावला. उरलेले दोन डिकीत गेले म्हणून मला वाईट वाटत होतं.

आता तेलाची गोष्ट. बिडाचा नवा तवा कोणी तसाच वापरत नाही. त्याला तेल पाजतात, तापवतात, अर्धा कांदा घेऊन घासतात, पुन्हा तेल पाजतात. दोन-तीन दिवस हे केलं की तवा मुरतो, मग गंज धरत नाही. इथे तर चाकं थेट नदीत जायची. मी शुक्रवारी सकाळी चारी रिम गच्चीवर नेले, म्हणजे धुणीवाल्या मीनाने आणि तिच्या नवऱ्याने नेले. कडी सोडवली, शहाण्णव बोल्ट परातीत काढले. चैत्राचं ऊन होतं, गॅसची गरज नव्हती. सगळ्याला तेल पाजलं, आतून, बाहेरून, कडेने. मग कांदा. बोल्ट तर एकेक करून तेलात बुडवले. दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीत भज्यांचा वास सुटला आणि दोन मांजरं येऊन बसली. शेजारच्या गच्चीवरून भय्यासाहेब बघत होते. ते म्हणाले, "मीठ पण लावतात ना?" मी म्हटलं, "ते शेवटी."

संध्याकाळी ऋचा ऑडिट संपवून आली आणि बॅग न ठेवताच वर गेली. मी मागोमाग. तिने रिम बघितले आणि तिचा चेहरा उजळला. "अहो आई, हे तर खरेच आणलेत तुम्ही." मग तिने एक बोल्ट उचलला. तो तिच्या बोटांतून निसटला आणि घरंगळत मांजरापाशी गेला.

"ह्याला काही लावलंय का?"

"शेंगदाण्याचं. घाण्याचं," मी अभिमानाने म्हटलं. "बीड आहे ना."

ती खाली बसली. काही रागावली नाही, तेच वाईट. तिने हळूहळू समजावलं. टायरचा जो जाड काठ असतो त्याला इंग्रजीत बीड म्हणतात. तो लॉक करायचा म्हणून बीडलॉक. रिम पोलादाचा आहे. काठाला तेल लागलं तर टायर कड्यातच फिरणार, निसटणार. आणि बोल्टाच्या आट्यांना तेल असलं की तो हवा त्याहून जास्त आवळला जातो आणि तुटतो. "चाकं अगदी बरोबर आणलीत तुम्ही," ती म्हणाली, "पण आता उद्या बसवायची कशी, आणि परवा स्पर्धा."

ती जिन्यावरून खाली गेली. थोड्या वेळाने तिचा फोनवरचा आवाज आला. "जी, संडे को मैदान में ही आ जाइए. गाड़ी वहीं देख लीजिए." तराण्याच्या माणसाशी बोलत होती.

मी गच्चीवर एकटी त्या रिमांपाशी बसले. मला फार लाज वाटली. भय्यासाहेब निदान गावाचं नाव तरी बरोबर समजले होते. मी माझ्या हाताने त्या मुलीची जीप विकायला काढली होती, आणि वर चाकांना कांदा घासला होता.

शनिवारी पहाटे मी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं. सोडा टाकला, रिठे टाकले. तेलकट समया आणि कढया मी याच पाण्याने काढते, आणि आमच्याकडे कढई आजवर तेलकट राहिलेली नाही. शहाण्णव बोल्ट, शहाण्णव भोकं, आठ कडी. भोकांना बाटली धुवायचा ब्रश. सौरभ चहा घ्यायला आला, दोन मिनिटं बघत उभा राहिला, मग बाह्या सारून समोर बसला. जो मुलगा जीपचं नाव काढलं की लिंबू शोधतो, त्याने सत्तावीस बोल्ट घासले. मी मोजत होते. भय्यासाहेब सांगायला आले की अनिकेतने अख्खं बीड पालथं घातलं पण अशी कुलपं तिथे नाहीत. मी त्यांच्या हातात ब्रश दिला. तेही घासायला बसले.

दहा वाजता ऋचा वर आली. तिने पांढरा रुमाल काढला, एक बोल्ट पुसला आणि रुमाल उन्हात धरला. मग दुसरा. मग रिमच्या काठावरून रुमाल फिरवला. परीक्षेचा निकाल लागताना मुलांना कसं वाटत असेल हे मला त्या वयात कळलं.

"कोरडं आहे," ती म्हणाली. मग रुमाल नाकाशी नेला. "कांद्याचा वास येतोय थोडा."

"तो चालतो का?"

"तो चालतो."

मग तिने टायरं बसवली आणि मला टॉर्क पाना दाखवला. बोल्ट ठरलेल्या जोराला पोचला की तो पाना टक्‌ करतो. म्हणजे आता बस. इतका समजूतदार प्राणी मी आमच्या घराण्यात बघितलेला नाही. आणि बोल्ट ओळीने आवळायचे नाहीत, एक झाला की समोरचा, मग मधला, त्याच्या समोरचा, म्हणजे कडं सगळीकडून सारखं बसतं. हे तर गणित होतं. मी नेलपॉलिशने आकडे घातले. एक, तेरा, सात, एकोणीस. चार चाकं, प्रत्येकी तीन फेऱ्या. पाना मी सोडलाच नाही. ऋचा माझ्यामागे उभी राहून प्रत्येक टक्‌ ऐकत होती आणि एकदाही म्हणाली नाही, द्या, मी करते.

रविवारी नदीवर ही गर्दी. जीप ट्रॉलीवर नेली, तिथे चाकं चढवली. ऋचाने हवा सोडली तशी टायरं बसकी होत गेली, अगदी पंक्चर झाल्यासारखी. मला वाटलं, संपलं. सौरभला काठावर उभं राहूनच मळमळत होतं. तराण्याचे गृहस्थ आले होते. खिशात कंगवा, हातात छत्री, माझ्याच शेजारी उभे.

ऋचा निघाली. उतार उतरली आणि चिखलात शिरली, गेल्या वर्षी फसली होती तिथेच. आमच्या माळव्याची काळी माती ओली झाली की बैलाचा पाय सोडत नाही. जीप रुतली. लोकांनी फोन वर केले. चाक फिरायला लागलं, टायरला बाजूने वळ्या पडल्या, एवढ्या मोठ्या वळ्या की मी तोंडाला पदर लावला. टायर एकीकडे जाऊ बघत होतं आणि कडं त्याला सोडत नव्हतं. मला इथून दिसत होतं. टायर ताणलं जायचं, आणि परत यायचं. मी देवाचं नाव घेत नव्हते. एक, तेरा, सात, एकोणीस म्हणत होते. आणि ती जीप इंच इंच करत त्या चिखलातून वर आली, काळी, थबथबलेली, आणि थेट समोरच्या दगडांवर चढली. समोरचं चाक माणसाच्या उंचीएवढं वर गेलं. असं काही मी माझ्या जन्मात बघितलेलं नाही.

आणि कडाड आवाज झाला. मागचा ॲक्सल तुटला.

जीप दगडांवर तशीच तिरकी उभी. ट्रॅक्टर निघाला. लोक हसायला लागले, गेल्या वर्षीसारखेच. तराण्याचे गृहस्थ छत्री मिटून म्हणाले, "अब तो कम में दे देंगी."

ऋचा उतरली. तिने तुटलेल्या ॲक्सलकडे बघितलंही नाही. एका चाकापाशी गुडघ्यावर बसली आणि हाताने चिखल पुसायला लागली. मग दुसऱ्या. मग पलीकडे गेली, दिसेना. सगळे थांबले, ही करतेय काय. मग ती जीपच्या मागून आली आणि काठाकडे तोंड करून ओरडली, "ए आई, एक पण नाही हललं. चारी चाकं. तू ये ना खाली, बघ."

मी उतारावरून कशी गेले मला माहीत नाही. एक चप्पल चिखलात राहिली. गृहस्थ मागून येत होते. ते काही बोलणार तोच ऋचा म्हणाली, "टायर उतरता तो बेचती. उतरा नहीं." आणि मला दंडाला धरून पुढच्या चाकापाशी घेऊन गेली.

सौरभ धापा टाकत पोचला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आई, ती तुला ए आई म्हणाली."

"ऐकलं मी. चूप बस."

मी चिखलात खाली बसले आणि बोल्ट मोजायला लागले. मोजायची काही गरज नव्हती, ती सांगतच होती. पण मी चारी चाकांचे शहाण्णवच्या शहाण्णव मोजले, कारण तेवढा वेळ मला मान खाली ठेवायची होती.